सूप निवायच्या आत बुसान

इथे जपानमध्ये, आमच्या हाकोझाकीत, बोलता बोलता थांबावं लागतं. विमानतळ शहरातच आहे, त्यामुळे गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बरोबर घेऊन जातील की काय, इतक्या खालून विमानं जातात. घरघर सुरू झाली की बोलणारा असेल त्या शब्दावर थांबतो, विमान जाऊ देतो आणि पुढच्या शब्दापासून सुरू करतो. मागचं परत म्हणायची पद्धत नाही. ऐकणाऱ्यानेही "काय म्हणालात?" असं विचारायचं नसतं. नवरा-बायकोच्या भांडणात याचा फार उपयोग होतो. आमच्या ह्यांचं एक अत्यंत कडू वाक्य एकदा सोलच्या विमानाखाली अडकलं, आणि विमान गेल्यावर ते पुरं करावंसं त्यांना वाटलं नाही. त्या विमानाचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर हात्सुए-सान राहतात. आडनाव तोकिएदा, पण इमारतीत तोकिएदा दोन, म्हणून सगळे नावानेच हाक मारतात. मला मात्र त्या इतकी वर्षं 'ओकुसान' म्हणतात, म्हणजे घरातल्या बाई. माझं नाव त्यांना एकदा सांगून झालं आहे; त्यांनी ते मनापासून तीनदा म्हणून पाहिलं आणि मग दोघींच्या सोयीसाठी सोडून दिलं.

हात्सुए-सानचं सगळं आयुष्य एका शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. रोज तीन-चारशे पोरांसाठी सूप. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलताना त्यांचा उजवा हात कमरेच्या उंचीवर गोल फिरत असतो, न दिसणारा डाव धरल्यासारखा. माणसांचं मोजमापही त्या सूपच्याच भाषेत करतात. इमारतीच्या सेक्रेटरीबद्दल त्यांचं मत, "उकळी फार, चव नाही." आमच्या ह्यांच्याबद्दल, "चांगले आहेत, पण ढवळत राहावं लागतं." हे मी घरी सांगितलेलं नाही.

तर या बाईंनी समुद्रापलीकडचं, सोलच्या देशातलं बुसान किती लांब आहे हे सूपने मोजायचं ठरवलं, त्याची ही हकीकत.

इथल्या आयांचं एक जुनं माप आहे. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा वेगळा राहिला, तर तो इतक्या अंतरावर असावा की आईने घरून सूप नेलं तर पोचेपर्यंत निवू नये. घरं विकणारेसुद्धा जाहिरातीत हे माप छापतात. हात्सुए-सानचे यजमान गेले तेव्हा त्यांची एकुलती मुलगी मिनोरी तोक्योत नोकरीला होती. शेवटचं विमान निघून गेलेलं, ती दुसऱ्या दिवशी पोचली. दिवसकार्य झाल्यावर ती तोक्योला परत गेली ती फक्त सामान आणायला. आमच्या मागच्याच गल्लीत तिने खोली घेतली आणि आईला म्हणाली, "यापुढे सूप निवेल एवढ्या लांब मी जाणार नाही."

सहा वर्षं तिने शब्द पाळला. रविवारी सकाळी जिन्यावरून हात्सुए-सानच्या सपाता वाजायच्या, हातात कापडात बांधलेलं मातीचं भांडं असायचं. मागच्या गल्लीपर्यंतच जायचं, पण पोरगी आजारी असल्यासारख्या घाईने निघायच्या.

मग मिनोरीच्या ऑफिसने तिला दोन वर्षांसाठी बुसानला पाठवलं. माल जहाजाने इकडून तिकडे पाठवणारी कंपनी, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. तिथे तिला जोंग-हून भेटला. बंदरातली मोठी क्रेन चालवतो, अंगाने क्रेनएवढाच, आणि बोलतो इतकं हळू की आईशी बोलतानाही माफी मागतोय असं वाटावं. दोन वर्षं मार्चमध्ये संपत होती. ऑफिसने विचारलं, तिकडेच कायम राहतेस का? जोंग-हूनने विचारलं, माझ्याशी लग्न करतेस का? मिनोरीने दोघांनाही एकच उत्तर दिलं. आई एकटी आहे, मी परत जाणार.

खरी गंमत पुढे आहे. आई एकटी आहे, पण आईला मुलगी परत नको होती.

"ओकुसान," एके दिवशी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "त्या मुलाने चार दिवसांची सुट्टी काढून माझ्या न्हाणीघराचा नळ दुरुस्त केला. जेवताना तीनदा सूप मागितलं. असा जावई मी कुठून आणू? आणि ही बया माझ्यासाठी त्याला सोडून येणार. मग रोज समोर बसून माझ्याकडे बघणार, मी कधी मरते म्हणून. मला नको."

"तिला तसं सांगा ना."

"सांगितलं. म्हणते, आई, बुसान लांब आहे. लांब! अहो, सरळ रेघ मारली तर आपल्याच बेटावरच्या कागोशिमाएवढं आहे. तोक्यो त्याच्या चौपट-पाचपट. विमान पन्नास मिनिटांत जातं. मधे फक्त..."

वरून विमान गेलं. आम्ही दोघींनी एकेक घोट चहा घेतला.

"...पाणी आहे म्हणून लांब वाटतं," हात्सुए-सान म्हणाल्या.

त्यानंतर मायलेकींचं फोनवरचं युद्ध सुरू झालं. सकाळचं बुसानचं विमान डोक्यावरून गेलं की हात्सुए-सान भाताच्या कुकरचं बटण दाबत. कुकर वाजला की फोन लावत.

"पोचलं बघ! इकडे माझा भात झाला, तिकडे तुझं विमान उतरलं."

"विमान उतरलं गं, माणसं कुठे उतरली?" मिनोरीचा आवाज फोनमधून मलाही ऐकू यायचा. "घरातून विमानतळ, मग दोन तास आधी जाऊन बसायचं, रांग, तपासणी, पुन्हा रांग. इकडे उतरल्यावर शिक्क्याची रांग, बॅगेची वाट, मग मेट्रो, मग चढ. पन्नास मिनिटं ती वैमानिकाची. तुझी-माझी अर्धा दिवस."

"म्हणजे भात निवतो म्हण."

"भात नाही, सूप. ठरलंय ते सूपचं."

"बरं," हात्सुए-सान म्हणाल्या, आणि त्यांचा उजवा हात फिरायचा थांबला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. "सूप गरम पोचलं तर?"

पलीकडे मिनोरी हसली. "पोचलं तर राहीन इथेच. पण थर्मास नाही चालायचा. थर्मासमध्ये तर काय, चंद्रावरही गरम जाईल. आपलं रविवारचं भांडं."

"आपलं रविवारचं भांडं," हात्सुए-सानने कबूल केलं.

मिनोरीने थट्टेत म्हटलं होतं. आईने फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढलं. ऑफिसला उत्तर द्यायची मुदतही तीच होती.

मग तालीम. मातीचं भांडं, त्यावर झाकण, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पंचा, आणि सगळ्यावर यजमानांचा जुना कापूस भरलेला हिवाळी कोट. असं गाठोडं छातीशी धरून हात्सुए-सान रोज सकाळी घरातून निघत, देवळाच्या वाटेने समुद्रापर्यंत जात, तिथे रांगेत उभं राहिल्यासारख्या काही वेळ उभ्या राहत, आणि परत येऊन थेट आमच्याकडे. एकदा देवळापाशी एका म्हातारबुवांनी कोटाच्या कॉलरमध्ये डोकावून कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं?" हात्सुए-सान म्हणाल्या, "आज सकाळचंच." म्हातारबुवा बराच वेळ तिथेच उभे होते म्हणे.

चाखायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. पहिले तीन दिवस त्यांनी आनंदाने केलं. चौथ्या दिवशी न चाखताच "गरम आहे" म्हणाले, पकडले गेले. पाचव्या दिवशी सुटका होईल या आशेने "निवलंय" म्हणाले, तर तासाभरात दुसरं भांडं आलं. त्यानंतर ऑफिसला लवकर जायला लागले.

"तुमची ती डाळ असते ना, ओकुसान," हात्सुए-सानने एकदा विचारलं, "ती बराच वेळ गरम राहते. मागे तुम्ही दिलीत तेव्हा माझी जीभ पोळली होती."

"आमटी. दाट असते म्हणून. आणि वर फोडणीचं तेल असतं."

मी आमटीची डाळ भिजवायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या मान हलवून म्हणाल्या, "नको. बुसानला गरम पोचेल, पण मग तिथे पोचलेल्या तुम्ही. मी नाही."

निघायच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर विमानतळावर गेले. सूप रविवारचंच होतं, उडत्या माशाच्या पाण्यावरचं, जवाच्या मिसोचं म्हणजे आंबवलेल्या वाटणाचं, आत मुळा आणि समुद्रातली पालेभाजी. भांडं शेवटपर्यंत शेगडीवर ठेवलं होतं आणि खालून टॅक्सीवाला हॉर्न देत होता. हात्सुए-सानने केस सेट करून घेतले होते. लाल मण्यांचा हारही घातला होता, जो त्या एरवी फक्त लग्नकार्यात घालत.

त्या आत गेल्या. मी निवांत कॉफी घेऊन बसले. कप अर्धा झाला असेल, तर समोरून गाठोडं चालत येताना दिसलं. मागे हार.

"काय झालं?"

"द्रव आहे म्हणतात."

"कशाला?"

"सूपला! म्हटलं, हे द्रव नाही, सूप आहे. तपासणीचा मुलगा इतका वाकला, ओकुसान, की मला पुढे बोलवेना. म्हणाला, ओततो किंवा इथेच प्या. सहा माणसांचं सूप! म्हटलं, अरे, तोक्योला नेलं होतं मी हेच भांडं, मांडीवर घेऊन. तो म्हणाला, ते देशातलं विमान. म्हटलं, म्हणजे लांब जाताना सूप चालतं आणि जवळ जाताना चालत नाही? तो परत वाकला."

"मग प्यायचं होतं थोडं, आणि तुम्ही तरी जायचं होतं!"

"मी जाऊन काय करू? मला बघायला बोलावलंय का तिने?" त्या चिडून म्हणाल्या. वर फलकावर बुसानच्या विमानापुढचं अक्षर बदललं. निघालं. आम्ही दोघी बघत राहिलो. "कुकर लावायची वेळ," हात्सुए-सान म्हणाल्या. भांड्याखालून त्यांनी हात घालून पाहिला. "अजून ऊब आहे."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "बोटीला चालतं का हो सूप?"

मी आता खरं सांगते, मला हसू आवरेना, आणि मग ते एकदम आवरलं. हात्सुए-सान बोटीने जाणं म्हणजे काय हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. त्यांना बस लागते. झोपाळा लागतो. समोरच्या माणसाने फार मान हलवली तरी लागतं. आणि तेव्हा धावणारी जलद बोट झाली तरी तीन तासांची, ती पण फेब्रुवारीतल्या समुद्रात.

"चालतं," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

बंदरावर पोचलो तर बोट सुटायला तासभर होता. दाराशी उदोनचा, जाड शेवयांच्या सूपचा ठेला, मोठं पातेलं खळखळत होतं. मी म्हटलं, "त्यांना सांगू या, पाच मिनिटं शेगडीवर ठेवतील. कुणाला कळणार आहे?"

"मला," हात्सुए-सान म्हणाल्या. "झाकणसुद्धा उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलं."

गाठोडं घेऊन त्या तपासणीच्या दारातून आत गेल्या. तिथल्या माणसाने सूपकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि हाताने 'जा' म्हटलं. वळून त्यांनी मला मान लववली ती अशी, की मला वाटलं आपण उगीच आलो आणि उगीच खरं बोललो.

मी मिनोरीला फोन केला. ती तिकडे विमानतळावर पोचलेली होती.

"बोटीने?" ती किंचाळली. "आई? काकू, ती लिफ्टमध्ये डोळे मिटते!"

"सूप आहे बरोबर," मी म्हटलं. आणखी काय सांगणार?

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघींनी वेगवेगळं सांगितलं आहे, आणि दोघींच्या सांगण्यात समुद्र एक नाही. हात्सुए-सानच्या सांगण्यातला समुद्र जरा हलत होता इतकंच. मिनोरी म्हणते, आई उतरली तेव्हा सूपमधल्या पाल्याच्या रंगाची झाली होती. एवढं मात्र दोघींना मान्य आहे, की शेजारी कुरळ्या केसांची एक बुसानची बाई बसली होती. तिला यांची भाषा येत नव्हती आणि यांना तिची. तिने संत्री सोलून भरवली, मनगटावर अंगठा दाबून धरला, आणि लाट मोठी आली की गाठोड्याचा एक कान यांनी आणि दुसरा तिने धरायचा, असं तीन तास. गाठोड्यात काय आहे हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. हात्सुए-सानला त्याचंच कौतुक.

बुसानला उतरल्यावर कस्टमच्या माणसाने कोटाकडे बोट दाखवलं. उघडा.

"उघडायचं नाही!" हात्सुए-सान म्हणाल्या.

जपानी बोलणारी एक मुलगी आली. मांस आहे का, तिने विचारलं. नाही. मग उघडून दाखवा, आजी, नियम आहे. हात्सुए-सानने कोट काढला, पंचा काढला, वर्तमानपत्र काढलं, आणि झाकण उचललं.

वाफ आली नाही.

त्या नंतर मला म्हणाल्या, "ओकुसान, शाळेत मी इतकी वर्षं झाकणं उचलली. चेहऱ्याला ऊब लागली नाही असं कधी झालं नाही. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या तोंडावरचा रुमाल उचलावा तसं झालं."

बाहेर मिनोरी, जोंग-हून आणि जोंग-हूनची आई उभी होती. मिनोरी धावत आली. हात्सुए-सानने नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच शब्द काढला, "निवलं."

"आई, तू वेडी आहेस का?" मिनोरी रडत होती आणि ओरडत होती. "एकटी बोटीतून आलीस! रस्त्यात काही झालं असतं तर? तुला बस लागते! हे सूप, सूप काय घेऊन बसलीस, मी थट्टेत..."

तेवढ्यात बंदरातल्या मोठ्या जहाजाचा भोंगा वाजला. लांबलचक. मिनोरी शब्दावर थांबली. हात्सुए-सान पण थांबल्या, तोंड उघडं ठेवून, आकाशाकडे बघत. भोंगा थांबला.

"...म्हटलं होतं," मिनोरी म्हणाली.

"मी थट्टेत घेतलं नव्हतं," हात्सुए-सान म्हणाल्या. "हरले. चल, ऑफिसला फोन कर, परत येते म्हणून. मला आता जरा बसू दे."

जोंग-हूनची आई हे सगळं बघत होती. ठेंगणी, कमरेच्या पट्ट्यात रबरी हातमोजे खोचलेले, डुकराच्या सूपची छोटी खाणावळ चालवते, दुपार टाकून आली होती. ती मुलाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत?" हात्सुए-सानने विचारलं.

मिनोरीने नाक पुसलं. "विचारतायत, दोघी मधेच बंद का पडल्या?"

"त्यांना सांग, विमान जात होतं."

"आई, इथे विमान नव्हतं."

"मग तू का थांबलीस?"

जोंग-हूनच्या आईने पुढे होऊन भांडं हातातून काढून घेतलं, आत बोट बुडवलं, आणि भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात भराभर बोलली. मिनोरी भाषांतर करत होती आणि करता करता हळू होत गेली.

"म्हणतायत... मिनोरीच्या आई, यात रडण्यासारखं काय आहे? निवलंय तर निवलंय. मी रोज पहाटे सूप चढवते, ते दिवसातून दहा वेळा निवतं. निवलं की परत गरम करायचं." मिनोरी थांबली. या वेळी भोंगाही वाजला नव्हता. "गॅस कशासाठी असतो, विचारतायत."

ही गोष्ट मला सांगताना इथे येऊन हात्सुए-सानने कपाळावर हात मारला. "काय बाई आहे," म्हणाल्या. "आपल्या डोक्यात का नाही आलं?"

खाणावळीत गर्दी होती. जोंग-हूनच्या आईने तीन गिऱ्हाइकांना उठवून दुसरीकडे बसवलं, मातीचं भांडं मोठ्या शेगडीवर ठेवलं आणि हातात डाव घेतला. हात्सुए-सानने तो तिच्या हातातून काढून घेतला. उकळी यायच्या आत उतरवायचं असतं, नाहीतर मिसोचा वास जातो. दोघी शेगडीपाशी खांद्याला खांदा लावून उभ्या, एक चढवायला बघतेय, दुसरी उतरवायला.

पहिला वाडगा जोंग-हूनच्या आईने घेतला. एक घोट, मग भुवया वर, मग एक लांबलचक वाक्य.

"चव वेगळी आहे म्हणतायत," मिनोरी म्हणाली.

"त्या एवढ्या बोलल्या आणि तू एवढंसं सांगितलंस. उरलेलं?"

"...गोड आहे म्हणतायत. सूप आहे की लहान मुलांचं औषध, असं."

"त्यांना सांग, तोंड तिखटाने जळालेलं असलं की सगळंच गोड लागतं."

मिनोरी काहीतरी बोलली. जोंग-हूनची आई लगेच म्हणाली, "हिने इतकं गोड वाक्य सांगितलं की नक्कीच काहीतरी दुसरं असणार." आणि हसत सुटली, आणि हे भाषांतर कळायच्या आधीच हात्सुए-सान पण हसायला लागल्या. वाडगा मात्र रिकामा करून परत पुढे आला.

मिनोरीने अजून तोंडाला लावलं नव्हतं. वाडग्याभोवती हात धरून बसली होती.

"गरम आहे," हात्सुए-सान म्हणाल्या. "पी."

"आई, बाबांच्या वेळी मी पोचले नाही."

"हं."

"तोक्योहून विमानाला दोन तास लागत नाहीत. तरी नाही पोचले. इथून काय पोचणार?"

हात्सुए-सानचा हात कमरेपाशी फिरायला लागला होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला. "मिनोरी, मी तेव्हा कुठे होते तुला माहितेय? स्वयंपाकघरात. मधे एक सरकतं दार, कागदाचं. त्यांच्यासाठी सूप करत होते. घेऊन गेले, तर गेलेले. सूप चटका बसेल इतकं गरम होतं. दाराच्या अलीकडे होते मी, तरी उशीर झाला. तू तोक्यो-तोक्यो काय करतेस?"

मिनोरीने वाडगा तोंडाला लावला. बराच वेळ त्याच्यामागेच राहिली. मग खाली ठेवला आणि जोंग-हूनकडे वळून त्याच्या भाषेत काहीतरी बोलली. लहानसंच वाक्य.

जोंग-हूनने चमचा खाली टाकला, उठला, टेबलं बाजूला सारली, आणि तो क्रेनएवढा माणूस गिऱ्हाइकांच्या मधोमध गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवून हात्सुए-सानपुढे पालथा झाला.

"काय पडलं ह्याचं?" हात्सुए-सानने घाबरून टेबलाखाली पाहिलं. "काय शोधतोय हा?"

मग त्यांना कळलं, जावई पाया पडत होता. दोघा गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने सूप परत मागितलं.

मिनोरी तिकडेच राहिली. मेमध्ये लग्न झालं. आम्ही दोघं विमानाने गेलो, पन्नास मिनिटांत, म्हणजे अर्ध्या दिवसात. हात्सुए-सान बोटीने आल्या. आता त्यांना बोट लागत नाही असं त्या सांगतात. बरोबर संत्री घेतात.

भांड्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत आपल्याकडे आहे, इकडे आहे, आणि बुसानमध्ये आहे असं दिसतं. जोंग-हूनच्या आईने परत देताना ते किमचीने, तिकडच्या आंबट-तिखट कोबीने, गच्च भरलं. हात्सुए-सानचं परतीचं तिकीट विमानाचं होतं, आणि विमानवाल्यांच्या लेखी किमचीसुद्धा द्रवच. हे जोंग-हूनच्या आईला ठाऊक होतं की नाही यावर मायलेकींचे अजून मतभेद आहेत. भांडं तिथेच राहिलं, आणि पुढच्या महिन्यात मिनोरीला ते बोटीने इकडे घेऊन यावं लागलं. आमच्या जिन्यात आठवडाभर तो वास होता. ह्यांनी दोन वाडगे खाल्ले. मग भांडं रिकामं कसं पाठवायचं म्हणून हात्सुए-सान लोणचं घेऊन तिकडे गेल्या. मग तिकडून सुकी मासळी आली. एकदा मीही माझं लिंबाचं लोणचं भरून पाठवलं. जोंग-हूनच्या आईचा निरोप आला की शेवटी एकदा तोंडाला चव आली.

परवा हात्सुए-सान खाली चहाला आल्या होत्या. मी सहज विचारलं, "काय मग, बुसान किती लांब?"

"तसं बघायला गेलं तर..." त्या म्हणाल्या, आणि वरून विमान आलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. आम्ही दोघींनी बिस्किट चहात बुडवलं. माझं मोडून आत पडलं.

"...सध्या भांडं तिकडे आहे," विमान गेल्यावर त्या म्हणाल्या. "म्हणजे यायची पाळी त्यांची."